दोन बोटांनी उघडणारी डिकी

पिंप्राळा, जळगाव
९ जानेवारी २०२४

प्रिय हाशम,

तुला पत्र लिहायला बसलो तर दिपमाला म्हणाली, आजकाल बायकोलाही कोणी पत्र लिहीत नाही, आणि तुम्ही मित्राला लिहिताय! मी म्हटलं, ज्याचे कान पत्रा ठोकून ठोकून गेले त्याच्याशी दुसरं काय करणार? फोनवर तू नुसता 'अं? अं?' करतोस, आणि तुझ्या गॅरेजातल्या फैसलच्या मोबाइलवर मेसेज टाकला की सगळ्या गॅरेजला माझ्या घरातलं कळतं. हे तर घरातलंच आहे.

गाडीची डिकी आता वर थांबत नाही. झाकण वर धरणारे दोन्ही बाजूचे गॅसचे शॉकर मेलेत. वर्षभर मी बांबूचा तुकडा लावून भागवलं. तुला माहीत आहे, ती डिकी म्हणजे दिपमालाचं दुकान. आठवडे बाजारात गाडी लावली, झाकण वर गेलं की खाली फॉल-पिकोचं मशीन, वर झाकणाची सावली, आणि समोर साड्या घेऊन उभ्या बायका. परवा अमळनेरच्या बाजारात बांबू सरकला आणि झाकण तिच्या खांद्यावर आलं. फार लागलं नाही. पण ती खाली बसून रडली, भर बाजारात. झाकण परत वर ढकलायला गेली तर दोन्ही हातांनी ढकलता येईना, त्याचं ते रडू होतं.

तुला हे सांगितलं नव्हतं. पावसाळ्यापासून तिचे हात जातायत. सुई ओवता येत नाही, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. नाशिकला दाखवलं. मानेच्या मणक्यात नस दाबली गेली आहे, ऑपरेशन करा म्हणाले, आणि फेब्रुवारीच्या शेवटची तारीख दिली. गेलेला जोर परत येईलच असं नाही, पण पुढचं जायचं थांबेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. ती तयार झाली आहे, पण फार घाबरली आहे. घरात बोलत नाही. भांडतही नाही, म्हणजे बघ.

माझं एक काम कर. कंपनीच्या मापाचे नको, जोरदार शॉकर दे. हात लावला की झाकण वर जाईल असे. तिला मी साधेच आहेत म्हणून सांगणार. ऑपरेशनला जाईपर्यंत तरी तिला वाटू दे की हात अगदीच मेलेले नाहीत. नाही म्हणू नकोस भो.

तुझा
सुकदेव


धुळे
१६ जानेवारी २०२४

सुकदेवला हाशमचा सलाम.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. वहिनींचे हात ते! आमच्या नौशीनच्या लग्नातल्या सगळ्या ओढण्यांना काठ त्यांनीच करून दिले होते. मुमताज अजून काढून पाहुण्यांना दाखवते. तिने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दोंडाईच्याच्या शाळेपासूनची दोस्ती आणि मला तू आत्ता सांगतोस, याबद्दल समोरासमोर बोलू.

शॉकर एसटीच्या पार्सलने पाठवतोय. मोठ्या गाडीचे आहेत, टोकं बदलून तुझ्या गाडीला बसतील असे केलेत. मला विचारशील तर हे काम बरोबर नाही. हलक्या झाकणाला एवढा जोर दिला की कोपऱ्यात पत्रा वाकतो. पण तू कधी काही मागत नाहीस, म्हणून दिले.

आता नीट वाच, नाहीतर स्वतःचं डोकं फोडून घेशील. झाकण धरायला शेजारचा कोणीतरी उभा कर, वहिनींना नको. एका वेळी एकच बाजू सोडायची. टोकाच्या वाटीवर बारीक स्टीलची क्लिप आहे. ती लहान स्क्रूड्रायव्हरने थोडीशी उचल, उपटून काढू नकोस, आणि शॉकर बाहेर ओढ. नवीन बसवताना, डिकी बंद असेल तेव्हा चकचकीत दांडी खालच्या अंगाला आणि काळी नळी वरच्या अंगाला येईल असा बसव. उलटा लावलास तर आतलं तेल सीलपाशी राहत नाही आणि गॅस निघून जातो. दांडीला पकड लावायची नाही. ओरखडा गेला की शॉकर कामातून गेला. जुने भंगारात देऊ नकोस, आत दाब असतो, कापायला गेलं की अंगावर येतात.

आणि एक. उघडायला हलकं झालं म्हणजे मिटायला जड झालं. वहिनींना उघडू दे, बंद तू कर. त्यांनी एकदा जरी ओढून बघितलं तरी तुझं बिंग फुटेल.

मुमताज दुआ करते आहे.

हाशम


पिंप्राळा, जळगाव
११ फेब्रुवारी २०२४

हाशमभाऊंना दिपमालाचा नमस्कार.

अक्षराला हसू नका. पेनाला सुतळी गुंडाळून धरलं आहे. पण लिहितेय मी स्वतः.

तुमचे शॉकर बसले. ह्यांनी कसे बसवले ते विचारू नका, अख्खी गल्ली गोळा झाली होती. शेजारच्या भाविकाच्या वडिलांना झाकण धरून उभं केलं आणि हे क्लिपला शिव्या घालत होते. त्या माणसाचे हात भरून आले तरी ह्यांचं आपलं 'झालं, झालं' चालूच.

आता आनंदाची बातमी. भाऊ, माझ्या हातात जोर येतोय. तुम्ही गाडीवाले, म्हणून तुम्हाला पटेल. गाडी घेतली तेव्हा सगळं नवंकोरं होतं, तरी ही डिकी उघडायला चांगला हात लावावा लागायचा. अर्ध्यापर्यंत ढकलली की मग ती आपली आपण वर जायची. आता ह्यांनी कंपनीच्या मापाचेच शॉकर टाकलेत, आणि डिकी माझ्या दोन बोटांनी उघडते. तीही डाव्या हाताच्या! रोज सकाळी चहाच्या आधी मी बाहेर जाऊन उघडून बघते. मागून हे येतात, बंद करतात आणि काही न बोलता आत जातात. त्यांनाही भरून येत असणार. मी तर गल्लीत पेढे वाटले.

इथे शेवंताबाई म्हणून आहेत, त्या मान चोळून देतात. संक्रांतीपासून त्यांच्याकडे जाते. परवा त्यांनी माझा हात दाबून बघितला आणि म्हणाल्या, "तुना हातमा जोर उना शे बाई, आते कशाले चिरफाड करस?" कात्री अजून हातातून पडते, पण ती थंडीमुळे असेल. उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागे राहते आणि मला पत्ताच नसतो, भाविकाची आई हातात घेऊन मागून येते. आम्ही दोघी हसतो. चप्पल जुनी झाली आहे, नवीन घ्यायला हवी.

तर मी ऑपरेशनची तारीख सोडली. नाशिकला फोन करून नको म्हणून सांगितलं. बरं होत असलेल्या मानेत सुरी कशाला घालून घेऊ? लग्नसराई आहे, साड्यांचा ढीग पडला आहे. ह्यांना अजून बोलले नाही. तुम्हीही एवढ्यात बोलू नका.

एकच विचारते. बाकी सगळे माझं मन राखायला बोलतात. तुम्ही आजवर गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी गोड बोलला नाहीत. नव्या शॉकरने फरक किती पडतो? थोडा पडतच असेल. पण बाकीचा जोर माझाच ना?

दिपमाला


धुळे
१६ फेब्रुवारी २०२४

सुकदेव,

वहिनींचं पत्र आलं. त्यांनी ऑपरेशनची तारीख सोडून दिली आहे. तुला सांगू नका म्हणाल्या, मी सांगतोय.

डिकीवर त्या स्वतःचा हात मोजतायत. रोज सकाळी. आणि तू मागून जाऊन गुपचूप झाकण ओढतोस. असं काही होईल हे ना तुझ्या डोक्यात आलं, ना माझ्या. आपल्याला वाटलं, बाई चार दिवस हसेल. ती हसली आणि डॉक्टरला नको म्हणून बसली.

पायातली चप्पल सुटते आणि त्यांना कळत नाही, हे तुला दिसलं नाही का? मी काही डॉक्टर नाही. पण मुमताजचा भाऊ शेहजाद, त्याचं असंच झालं. आधी हात, मग चप्पल, मग खाट. त्याच्या वेळी कोणी वेळेवर सांगणारं नव्हतं.

त्यांनी मला सरळ विचारलंय, बाकीचा जोर माझाच ना. मी कागद घेऊन बसलो, दोन ओळी गोलमाल लिहिल्या. मुमताजने मागून बघितलं आणि म्हणाली, "झूठ लिखना है तो मेरे घर में बैठ के मत लिखो." मी कागद फाडला.

तू सांग. नवरा तू आहेस, तुझ्या तोंडून कळलं तर बरं. नाही सांगितलंस तर मी लिहीन, आणि जे आहे ते लिहीन.

हाशम


पिंप्राळा, जळगाव
२२ फेब्रुवारी २०२४

प्रिय हाशम,

तारीख सोडल्याचं मला कळलं होतं. नाशिकवाल्यांनी माझ्या नंबरवर परत फोन केला होता. मी तिला काही बोललो नाही.

तुला तिकडून सोपं वाटतं. मी दर सकाळी ठरवतो, आज सांगायचं. आणि ती फाटकापाशी उभी असते, केस विंचरायचे बाकी, आणि झाकण वर गेलं की माझ्याकडे वळून बघते. त्या तोंडाला मी काय सांगू? बाजारात आता ती बायकांना बोलावून दाखवते, हे बघा, दोन बोटं. काल आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मी काही बोललो तर माझ्यासमोरचं ताट ओढून घेतलं, म्हणाली, हॉटेलात जा. किती महिन्यांनी ती भांडली! मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि रडलो.

तुला आणखी एक सांगतो, म्हणजे माझी काय गत झालीय ते कळेल. ती जे पिको करते ते सगळं वाकडं जातं. मी त्या साड्या शिवणकाम करणाऱ्या बेबाबाईकडे नेतो, ती उसवून परत करून देते, आणि मग मी गिऱ्हाइकाला पोचवतो. दिपमाला म्हणते, बघा, एक तक्रार नाही. आता डिकीचं सांगितलं तर हेही सांगावं लागेल. मग ती विचारेल, अजून काय काय खोटं आहे?

लग्नसराई संपू दे. एप्रिलमध्ये मी स्वतः सांगतो आणि स्वतः नाशिकला घेऊन जातो. तोपर्यंत तू एवढंच लिही की शॉकर चांगले आहेत. त्यात खोटं काय आहे? तुझ्या पाया पडतो.

सुकदेव


धुळे
२ मार्च २०२४

दिपमाला वहिनींना हाशमचा आदाब.

उत्तराला उशीर केला. सुकदेव सांगेल म्हणून वाट बघत होतो. त्याचं पत्र आलं, त्याने अजून सांगितलेलं नाही.

वहिनी, ते शॉकर कंपनीच्या मापाचे नाहीत. मोठ्या गाडीचे आहेत. टोकं मी माझ्या हाताने बदलून दिली. त्या शॉकरवर ते झाकण लहान पोर फुंकर मारूनही उघडेल. तुम्ही विचारलंत, बाकीचा जोर माझाच ना. नाही. सगळा जोर शॉकरचा आहे. हे लिहिताना मला काय होतंय ते लिहीत नाही.

माझ्यावर विश्वास बसत नसेल तर एकदा डिकी स्वतः ओढून बंद करून बघा. सुकदेव घरात नसताना बघा.

नाशिकला फोन करा. आज करा, वहिनी, लग्नाच्या साड्या राहू देत. हाताचं आणि चपलेचं मूळ एकच आहे. शेवंताबाई चांगल्या असतील, पण मणक्यात त्यांचा हात पोचत नाही.

सुकदेवने हे तुम्हाला हसवायला केलं आणि मी त्याला साथ दिली. त्याच्यावर रागवा, माझ्यावर रागवा, जन्मभर तोंड बघू नका. ऑपरेशनवर मात्र रागवू नका.

तुमचा भाऊ
हाशम


पिंप्राळा, जळगाव
२० एप्रिल २०२४

प्रिय हाशम,

तुझ्या पत्रानंतर मी काहीच लिहिलं नाही. पहिले काही दिवस तुझा राग होता. नंतर रागवायलाही वेळ मिळाला नाही.

तुझं पत्र पोस्टमनने तिच्याच हातात दिलं. फाटकापाशी उभ्या उभ्या वाचलं. मी खिडकीतून बघत होतो, मला कळलं काय असणार. ती गाडीपाशी गेली आणि डिकी उघडली. मग दोन्ही हात वर करून झाकणाला लटकली. खरंच लटकली, हाशम, टाचा उचलल्या गेल्या. झाकण थोडं खाली यायचं आणि परत तिला घेऊन वर जायचं. बोटं सुटायची, ती परत धरायची. मला बाहेर जायचं धाडस झालं नाही. मग ती घरात आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाशिकले फोन लावा."

पण सोडलेली तारीख दुसऱ्याला गेली होती. एप्रिलची मिळाली. मधल्या काळात ती अंगणात पडली. पाय उचललाच गेला नाही. उठवायला गेलो तर म्हणाली, हात नका लावू.

ऑपरेशन झालं. पाय वाचले म्हणतात. वॉकर धरून घरातल्या घरात चालते. डाव्या हाताने पेला धरता येतो. उजवा मिटत नाही. आता जे आहे तेवढंच, यापेक्षा फार आशा धरू नका असं सांगितलं.

मी डॉक्टरांना एकट्याला गाठून विचारलं, फेब्रुवारीत झालं असतं तर हात वाचला असता का? त्यांच्या तोंडून 'नाही' ऐकायला गेलो होतो. ते म्हणाले, "ते आता सांगता येणार नाही." आता जन्मभर मला हेच वाक्य पुरवायचं आहे.

ती माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी, गोळी, पंखा. मी जेवू घालतो, ती जेवते. समोर बघत नाही. गाडी ताडपत्रीखाली आहे.

तू लिहिलंस ते बरं केलंस. हे एवढं लिहायला मला इतका वेळ लागला.

सुकदेव


पिंप्राळा, जळगाव
३० जून २०२४

हाशमभाऊंना दिपमालाचा नमस्कार.

अक्षर ह्यांचं आहे. सांगतेय मी. मी सांगेन ते सगळं लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, असं कबूल करून घेतलं आहे. तेव्हा पुढचं त्यांनाही मुकाट्याने लिहावं लागेल.

तुमचं पत्र आलं तेव्हा वाटलं, तुमच्या गॅरेजात येऊन तुमच्याच हातोडीने तुमचं डोकं फोडावं. मग आठवलं, मला हातोडी उचलता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला खरं कळलं.

बेबाबाई मे महिन्यात येऊन रडली आणि साड्यांचंही सांगून गेली. म्हणजे मी शिवत होते ते शिवलेलं नव्हतं आणि उघडत होते ते मी उघडत नव्हते. गल्ली पेढे खाऊन गेली. सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

मी ह्यांच्याशी बोलत नव्हते. लोकांना वाटलं रागाने. राग होताच, अजून आहे. पण भाऊ, वयाच्या अकराव्या वर्षापासून मी ह्या हातांनी शिवत आले. ते हात जात होते तेव्हा मला त्यांच्यासाठी रडायचं होतं. घरातलं माणूस गेलं तर निदान सांगतात तरी, मग आपण सुतक पाळतो, रडून मोकळे होतो. माझे हात गेले आणि मला कोणी सांगितलंच नाही. मी हसत राहिले. ते सगळं रडणं मग एकदम आलं आणि त्यात ह्यांच्याशी बोलायला जागाच उरली नाही.

इथे ह्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिहा. रडत रडत लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

लिहितायत.

ह्या महिन्यात मी परत बाजारात गेले. मशीनवर बेबाबाई बसते. मी खुर्ची टाकून शेजारी. साडीला कुठल्या रंगाचा दोरा लागेल ते मी सांगते, डोळे अजून माझेच आहेत. बायका विचारतात, ताई, तुमचा हात? मी म्हणते, गेला. त्या साडीचा काठ चाचपतात. मग थोड्या वेळाने साडी पुढे करतात.

शनिवारी आम्ही धुळ्याला येतोय. मुमताजभाभींना सांगा, मला जेवताना हे भरवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि तुमचे ते मोठ्या गाडीचे शॉकर काढून टाका. कंपनीच्या मापाचे घाला, जेवढा जोर असायला हवा तेवढाच. हे म्हणतात, राहू देत, तुला कधी वाटलं उघडावं तर. मी म्हटलं, नको. मला रोज एकदा हात लावून बघायचा आहे. नाही उघडली तर नाही उघडली म्हणून कळेल, थोडं वाईट वाटेल, आणि मी ह्यांना हाक मारेन. त्यांनी यावं, माझ्यासमोर उघडावी, आणि ती माझ्या हाताने उघडली असं म्हणू नये.

एवढं सांगून झालं. मी विचारलं, लिहिलंत का सगळं? मान हलवली. मी म्हटलं, तोंडाने सांगा. तेव्हा "हो" म्हणाले.

दिपमाला
हस्ते सुकदेव